ताण सोसणारा गहू : पारख आपल्याच वावरात



सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. घरच्या पोळीपुरता तरी गहू पेरायचा. दिवाळीत विहिरीला पाणी चांगलं दिसतं. पण गहू ओंबीवर येतो तेव्हा जानेवारी लागलेला असतो, आणि नेमकी त्याच वेळी विहीर तळाला जाते. मोटार पंधरा-वीस मिनिटं चालते अन् थांबते. पूस, अरुणावती, बेंबळा यांच्या कालव्याखाली ज्यांची जमीन आहे त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांचा गहू शेवटच्या एक-दोन पाण्यांवाचून मारला जातो. अशा वेळी दुकानात कोणी सांगतं, ‘हा वाण न्या, याला पाणी लागत नाही.’ बंधूंनो, पाणी लागत नाही असा गहू अजून निघायचा आहे. पाणी तुटलं तरी कमी घटणारा वाण मात्र असतो, आणि तो ओळखता येतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्रात ही पारख कशी करतात? एकच वाण दोन ठिकाणी पेरतात, एका ठिकाणी पुरतं पाणी देतात, दुसऱ्या ठिकाणी तोडतात, आणि दोन्हीकडचं धान्य तोलतात. हे आपल्यालाही जमतं. चार-पाच गुंठ्यांचा तुकडा पुरे.

तुकडा मात्र सारख्या जमिनीचा हवा. अर्धा बरड आणि अर्धा भारी असला तर पारख वाणाची होत नाही, मातीची होते. धुऱ्याजवळची, निंबाखालची, पाणी मुरणारी खोलगट जागा सोडून द्या. तुकड्याचे दोन भाग करा आणि मध्ये किमान तीन मीटर पट्टी ठेवा, नाही तर ओलिताचं पाणी झिरपून कोरड्या भागात जातं. प्रत्येक वाण दोन्ही भागांत दोन-दोन जागी पेरावा, त्याच दिवशी, त्याच तिफणीनं, त्याच माणसाकडून.

नऊ इंची तिफणीचे चार फेरे मारले की बारा ओळी होतात. ओळ सहा मीटर लांब ठेवा. हेक्टरी १०० किलोच्या हिशेबानं एका वाफ्याला सुमारे १६० ग्रॅम बी लागतं. चाळीस-चाळीस ग्रॅमच्या चार पुड्या आधीच तोलून बांधा, म्हणजे पेरताना एक फेरा दाट, दुसरा विरळ असं होत नाही. पेरणीआधी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहा. उगवणीतच फरक असला तर पुढचं सगळं माप खोटं ठरतं.

ओलिताच्या भागाला २०-२२, ४०-४२, ६०-६५ आणि ८०-८५ दिवसांनी पाणी द्या. दुसऱ्या भागाला किती द्यायचं? आपली विहीर वाईट वर्षात जेवढं देते तेवढंच. एकच पाणी होत असेल तर ते ४०-४२ दिवसांनी. दोन होत असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. आपल्यावर येतो तो ताण शेवटचा आहे, दाणा भरतानाचा. पारखही त्याच ताणाची व्हायला पाहिजे.

कापणीला मधल्या नऊ ओळी, पाच मीटर लांब, एवढंच कापा. ते दहा चौरस मीटर होतं. त्यात एक किलो गहू निघाला म्हणजे हेक्टरी दहा क्विंटल, एकरी चार.

आता हिशेब. समजा, एका वाणानं ओलितात ४ किलो दिला आणि ताणात २.२. घट शेकडा ४५. दुसऱ्यानं २.८ किलो दिला आणि ताणात २. घट शेकडा २९. फिशर आणि मॉरर या दोन शास्त्रज्ञांनी १९७८ साली यासाठी एक निर्देशांक मांडला. वाणाची घट भागिले सगळ्या वाणांची सरासरी घट. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर वाण ताण सोसणारा. त्या मापानं दुसरा वाण सरस ठरतो. पण थांबा, ताणातही पोत्यात जास्त कोणाचा भरला? पहिल्याचाच, २०० ग्रॅमनं, म्हणजे एकरी ८० किलो! मुळात कमी देणारा वाण कमीच घटतो, त्यात नवल नाही. म्हणून नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. ताणातलं वजन आधी पाहा, घट नंतर. आणि एका हंगामावर निकाल लावू नका. ताण याहून कडक आला तर हेच दोन वाण उलटे उभे राहू शकतात.

ओंबी बाहेर पडल्याची तारीख वहीत लिहा. काही वाण आठ-दहा दिवस आधी ओंबीवर येतात आणि ओल संपायच्या आत दाणा भरून घेतात. हे सोसणं नव्हे, निसटणं आहे. आपल्या उथळ जमिनीत तेही कामाचं, पण भारी जमिनीत पाणी असूनही असा वाण लवकर संपतो.

दुपारी दोनला पानं गुंडाळलेली दिसली तर घाबरू नका, झाड पाणी राखतं. सकाळीही ती उघडली नाहीत तर ओल खरोखर संपली. पानावर निळसर मेणासारखा थर असला तर तो चांगलाच. कापणीनंतर दोन्ही भागांतले हजार-हजार दाणे मोजून तोला. ही मोजणी घरातल्या बाया-पोरी आपल्यापेक्षा नीट करतात. दाणा चिपकला असेल तर ताण शेवटी बसला. दाणा टपोरा पण ओंब्याच कमी, तर फुटव्याच्या वेळी बसला.

आणखी एक परीक्षा पेरणीआधी घरीच होते. डब्यात ओली वाळू घेऊन दाणे आठ-दहा सेंटिमीटर खोल लावा. ठेंगण्या वाणांच्या कोंबाचं आवरण आखूड असतं, त्यांचे कोंब तेवढ्या खोलीतून वर येत नाहीत. जुने उंच बन्सी गहू येतात. ज्यांना वरची ओल उडाल्यावर खोल पेरावं लागतं, त्यांनी ही परीक्षा चुकवू नये.

वाण कोणते घ्यावेत? घरचा लोक-१ तुलनेला ठेवाच. त्याच्या जोडीला निफाडचे नेत्रावती (एनआयएडब्ल्यू-१४१५) आणि पंचवटी (एनआयडीडब्ल्यू-१५), अकोल्याचा शरद (एकेडीडब्ल्यू-२९९७-१६). पंचवटी आणि शरद हे बन्सी, शेवया-रव्याचे, पोळीसाठी नेत्रावती. बियाण्याची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करा आणि पावती जपून ठेवा. कोरडवाहू पेरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात उरकायची असते, तेव्हा पुड्या बांधायला दसऱ्यालाच बसा.