‘सिद्धार्थ’ : नदीकाठी थांबलेला प्रवास



जर्मन लेखक हर्मन हेस यांची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे आजोबा मलबारात मिशनरी होते, त्यामुळे भारताचे वेड त्यांना घरातूनच लाभले. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नावावरून ही भगवान बुद्धांची जीवनकथा वाटते. पण ती तशी नाही. नायक सिद्धार्थ हा बुद्धकाळातील एका ब्राह्मणाचा मुलगा. सत्याच्या शोधात तो घर सोडतो. जेतवनात त्याला बुद्धांचे दर्शन घडते. त्याचा मित्र गोविंद संघात प्रवेश करतो. सिद्धार्थ मात्र पुढे निघून जातो.

बौद्ध वाचकाला हे खटकते. धम्म ऐकूनही हा माणूस गेला का? त्याचे म्हणणे असे, की तथागतांना ज्ञान स्वतःच्या शोधातून झाले. ते केवळ उपदेशाने दुसऱ्याला कसे मिळेल? स्वतः पारखून मगच स्वीकारा, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांना हा प्रश्न परका नव्हता. कादंबरीतील बुद्धही रागावत नाहीत. अति हुशारीपासून सावध राहा, एवढेच सांगतात.

तो इशारा खरा ठरतो. नगरात सिद्धार्थ व्यापार, विलास आणि जुगारात वर्षानुवर्षे बुडतो. जीव नकोसा होऊन तो नदीकाठी येतो. तेथे वासुदेव नावाचा नावाडी त्याला आपल्या झोपडीत ठेवून घेतो आणि नदीचे ऐकायला शिकवतो. एकट्याने चालण्याचा हट्ट धरणाऱ्याला शेवटी सोबती लागलाच. संघाचे महत्त्व मला येथे अधिक पटले.

पुढे सिद्धार्थाचा स्वतःचा मुलगा त्याला सोडून पळून जातो. आपणही असेच वडिलांना सोडून आलो, परत कधी गेलो नाही, हे त्याला त्या दुःखात उमगते. खरा आत्मशोध मला या प्रसंगात दिसतो.

विद्यार्थी मित्रहो, शिक्षणासाठी गाव सोडावे लागले तर अवश्य सोडा. पण घरी वाट पाहणाऱ्या आईवडिलांना प्रवासातील अडथळा समजू नका. आणि हेही पाहा, की ज्ञान लाभल्यावरही सिद्धार्थ नावाडीच राहतो. लोकांना पैलतीरी नेण्याचे काम सोडत नाही.

ही कादंबरी वाचा, आपसांत चर्चा करा आणि जेतवनातील त्या भेटीत तुम्ही कोणाच्या बाजूचे, गोविंदाच्या की सिद्धार्थाच्या, ते स्वतः ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!