गट पाडताना



बेल्लमपल्ली हे कोळशाच्या खाणींवर वाढलेले गाव. येथे तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारी मुले एका वर्गात येतात. मोकळी सोडली, तर भाषेभाषेचे कोंडाळे होते. मी मात्र गुणांवरून गट पाडीत असे. हुशार मुलगा लिहून मोकळा होई, इतर पाहत बसत. एक मुलगी तर वर्षभर बोललीच नाही. तो दोष माझा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका पंक्तीस बसविली. पण नुसते शेजारी बसणे वर्गात पुरत नाही. अमेरिकेत ऑस्टिन येथे १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरनसन यांनी धड्याचे भाग पाडून प्रत्येक मुलास एकेक दिला. त्याने सांगितल्यावाचून इतरांचा धडा पुरा होईना. ऐकणे भागच पडले.

गट चार-पाचांचा असावा, शिक्षकाने पाडावा. आणि कोळशाच्या धड्यातला खाणीचा भाग, ज्याच्या घरी खाणीवरचे शब्द रोज बोलले जातात, त्या अबोल मुलाकडे द्यावा.