कागद मोठ्याने वाचा
(ओवे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भ्रष्टाचारावर बोलायचं ठरलंय. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी दिलेले शंभर-दोनशे आठवतात. ते वाईटच. पण मोठा घास खातात तो कागदावर, आपल्याला आवाजसुद्धा येत नाही. त्यातलं एक गाजलेलं प्रकरण ह्याच ओव्याचं आहे.

2018 साली ओव्याच्या हद्दीतली 24 एकर जमीन कोयना धरणाच्या आठ प्रकल्पग्रस्तांना दिली गेली. थोड्याच महिन्यांत ती बिल्डरकडे गेली. भाव एकरी 15 लाख, म्हणजे सगळी मिळून 3 कोटी 60 लाख. विरोधी पक्षाने आरोप केला की बाजारात ह्याच जमिनीचे 1,767 कोटी होतात. सरकार म्हणालं, असं वाटप जिल्हाधिकारी पातळीवर होतं, आणि आधीच्या सरकारांनीही अशा जमिनी दिल्यात. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात गोंधळ झाला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी व्यवहाराला स्थगिती दिली आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. दोषी कोण ते आम्ही इथे ठरवत नाही. पण ‘आधीही असंच व्हायचं’ हे उत्तर ऐकून आमचं समाधान झालं नाही, उलट काळजी वाढली.

कोयनेच्या माणसांवर आपला राग नाही. ती आपल्यासारखीच उठवलेली माणसं. धरण आपल्या आजोबांच्या काळातलं, आणि जमीन मिळते नातवांच्या काळात. इतकी वर्षं ज्याला फिरवलं, तो थकलेला माणूस कुलमुखत्यारपत्रावर सही करून मोकळा होतो. त्याला थकवणं हाच निम्मा भ्रष्टाचार आहे असं आम्हाला वाटतं. आणि हे सगळे कागद फिरत होते तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांना काही पत्ता नव्हता. पेपरात आलं तेव्हा कळलं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. तिथे 1991 ते 95 मध्ये सरकार शाळांना जे अनुदान पाठवायचं, त्यातल्या 100 रुपयांतले सरासरी 13 शाळेत पोचायचे. बाकीचे मधल्या मधे. मग सरकारने कुठल्या शाळेला किती पैसे निघाले ते पेपरात छापायला लावलं, शाळेच्या दारावर चिकटवायला लावलं. 2001 पर्यंत 80 च्या वर पोचायला लागले. एवढा फरक नुसत्या कागदाने पडला नसेल, पण आईबापाला आकडा माहीत असला की मास्तराला विचारता येतं.

युरोपात रुमानियात 2017 च्या जानेवारीच्या शेवटी सरकारने रातोरात वटहुकूम काढला, की ठरावीक रकमेच्या आतला अधिकाराचा गैरवापर हा गुन्हाच नाही. लाखो लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आले. काही दिवसांतच वटहुकूम मागे घ्यावा लागला.

आपल्याला जास्त जवळचं राजस्थानचं. पाली जिल्ह्यात कोट किराना इथे डिसेंबर 1994 मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांच्या मजुरीचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले. बाया उठून सांगायला लागल्या, ह्या कामावर मी गेलेच नाही, माझं नाव कसं? पुढे 1996 ला ब्यावरमध्ये 40 दिवस धरणं झालं. त्या लढ्यातूनच 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. म्हणजे हा कायदा आपल्यासारख्या रोजंदारीच्या माणसांनी मिळवलेला आहे, साहेबाने दिलेला नाही. दहा रुपयांचा स्टँप लावा, 30 दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दहा रुपयेही नाहीत.

आता आपल्या दळीचं बघा. वनहक्काचा दावा करायला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा पाहिजे, आणि त्याची पहिली तपासणी ग्रामसभेने नेमलेली वनहक्क समिती करते. तलाठी नाही, गार्ड नाही. म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. म्हणून ‘तुमच्याकडे पावती नाही, पैसे द्या, मी बसवतो’ म्हणणारा कोणी वाडीवर आला तर त्याला बसवून घ्या, चहा पाजा आणि नियम दाखवा. वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. नवराबायको दोघांच्या नावाने निघतो. आणि मालकीची आदिवासी जमीन असली तरी महसूल कायद्याच्या 36-अ कलमाप्रमाणे परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. तेव्हा कोऱ्या कागदावर अंगठा मागितला की समजायचं, पलीकडे काहीतरी शिजतंय.

पुढच्या ग्रामसभेत आपण वाडीवार यादी वाचणार आहोत. कोणाचा दावा कधी दिला, किती क्षेत्र मागितलं, मोजणीत किती लागलं, आता कुठे अडकलाय. उपविभागीय समितीकडून माहिती मागवायचा अर्ज तिथेच लिहू, सह्या-अंगठे तिथेच. ज्यांच्याकडे पोच आहे, जुनी दंडाची पावती आहे, त्यांनी घेऊन या. बायांनी जरूर या, पट्ट्यावर तुमचंही नाव लागायचंय. आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा. मागच्या पावसात दोघांच्या पोचपावत्यांचा लगदा झाला.