सेन्सर बदलला, तरी गाडी चालू होईना!

आजचा विषय अनेकांच्या खिशाला चाट लावणारा आहे. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरतं, पण गाडी काही चालू होत नाही. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी०३३५ कोड येतो, तो म्हणतो, "क्रँक सेन्सर गेला." नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि गाडी तशीच. मग कुणीतरी म्हणतं, आता ईसीयू बदला. थांबा! तो खर्च करायच्या आधी हे ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे, कोड पार्टचं नाव सांगत नाही. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, तशीच वायर आली, कपलर आला, अर्थिंग आलं, फ्लायव्हीलकडची किंवा पुलीकडची दातेरी चकती आली आणि शेवटी ईसीयूही आला. आपण यातला एकच तुकडा बदलला. बाकीचे तपासले का?

आता क्रम बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चावी ऑन करा. मीटरमधला इंजिनचा दिवा लागतो का? लागतच नसेल तर ईसीयूला करंटच मिळत नसेल, म्हणून आधी फ्यूज आणि मेन रिले बघायचा. चावीचं चित्र असलेला इमोबिलायझरचा दिवा सतत लुकलुकतोय? मग गाडी चावी ओळखत नाहीये, आणि सेन्सरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग बॅटरी. गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाता कामा नयेत. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि सेल्फ मारताना आरपीएम बघा. दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा दिसला, तर ईसीयूला सिग्नल पोचतोय. मग सेन्सरचा नाद सोडा आणि पेट्रोल व स्पार्क तपासा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुंऽऽ असा आवाज येतो का, ऐका.

आरपीएम शून्यच असेल, तर कपलर काढा. तीन वायरींचा सेन्सर असेल तर चावी ऑन ठेवून मीटर लावा. एका पिनवर ५ व्होल्ट हवेत, काही गाड्यांत १२. दुसरी पिन अर्थची. मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला आणि काळी या पिनला लावली की बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. तिसरी सिग्नलची. ती ईसीयूपर्यंत सलग आहे का, ते चावी बंद करून, बॅटरी सोडवून बघायचं.

इथे एक गंमत आहे. बऱ्याच गाड्यांत ते ५ व्होल्ट अनेक सेन्सर वाटून घेतात. शेजारचा एखादा सेन्सर शॉर्ट झाला की सगळ्यांचेच व्होल्ट बसतात. ५ व्होल्ट मिळत नसतील तर बाकीच्या सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. ज्याच्यामुळे व्होल्ट परत आले, तो चोर!

आपल्याकडे आणखी एक संशयित असतो, उंदीर. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे त्याला बंगलाच. वायरिंग हाताने चाचपून बघा. कपलरमध्ये हिरवट गंज, वाकलेली पिन, तेल हेही बघा.

आणि नवा सेन्सर नवा आहे म्हणून चांगलाच, असंही नाही. स्वस्तातला नग पहिल्याच दिवशी बंद निघू शकतो. तो नीट टेकून बसलाय का? चकतीपासून अंतर वाढलं की सिग्नल लंगडा होतो.

एक सूचना मात्र पाळा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये विश्रांती द्या. आणि सेल्फ मारताना कुणाचाही हात, ओढणी बेल्टजवळ नको.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण गॅरेजमध्ये एक प्रश्न नक्की विचारा : "दादा, बदलायच्या आधी मोजलंत काय?" ज्याने मोजलंय, तो आकडा सांगेल. ज्याने मोजलं नाही, तो पुढच्या पार्टचं नाव सांगेल. कुणाला पैसे द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा!