जोखीम कोणाची, नफा कोणाचा?



कामगार संघटनेच्या माणसांनी भांडवलावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भांडवल बुडताना कोणाकोणाला घेऊन बुडते, हे कामगाराइतके कोणास ठाऊक असणार?

बँकेचे कर्ज आणि जोखमीचे भांडवल यांत मोठा भेद आहे. धंदा चालो वा न चालो, कर्ज आपले व्याज मागतेच. जोखमीचे भांडवल मात्र भागीदार होते. धंदा बुडाला तर तेही बुडते. १९५७ साली अमेरिकेत अशाच एका भांडवल-संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि त्यातून मोठा संगणक-उद्योग उभा राहिला.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. त्याने खेड्यात चालेल अशी लहान डाळ गिरणी तयार केली. संशोधन झाले ते जनतेच्या पैशाने. यंत्रासाठी २०२० च्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानही ठरले. परंतु कास्तकाराच्या घरी तूर येते दोन-तीन महिन्यांत, आणि डाळ विकावयाची वर्षभर! हंगामात तूर भरून ठेवण्यास पैसा नसेल, तर अनुदानाचे यंत्र उभे राहते, चालत नाही. अकोला-अमरावतीच्या लहान उद्योजकाची खरी अडचण ही आहे.

करांचेही तसेच. सरकारने २०१६ पासून पात्र नवउद्योगांना सलग तीन वर्षे नफ्यावरील आयकर माफ केला. गुंतवणुकीवरचा २०१२ चा ‘एंजल टॅक्स’ २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. हे योग्यच झाले. पण नफ्यावरची माफी कोणाला? ज्याला नफा झाला त्याला! ज्याची पहिली वर्षे तोट्यात जातात, त्याच्या हाती तिच्यातून काय पडते?

आणि महिनाभर राबून मग पगार घेणारा मजूरही धंद्याला उधारच देत असतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी मोडीत निघाल्यास मजुरांची मागील २४ महिन्यांची देणी तारणधारक सावकारांच्या बरोबरीने धरली. त्याची जोखीम कायद्याने मानली, एवढे खरे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लहान उद्योगाला हंगामी पैसा आणि तोट्यात वाटेकरी होणारा निधी जिल्ह्यातच मिळावा. आणि जो करमाफी घेईल, त्याने मजुराचा पगार व भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरलाच पाहिजे.