दुसरी वाट



माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिकलो ते जिनिंगच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांतून. अशा माणसाने संगणकाच्या जाळ्यावर बोलावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण त्या जाळ्याशी आता आपले पोट बांधले गेले आहे, म्हणून बोलतो.

एका मजूर बाईबरोबर मी रेशन दुकानात गेलो होतो. तिने यंत्रावर अंगठा ठेवला. उत्तर आले नाही. "भाऊ, सर्व्हर डाऊन आहे," दुकानदार म्हणाला. बाईने तीन खेपा घातल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. धान्य दुकानात होते. वाट तेवढी बंद होती.

यावर जाणकारांनी उपाय काढलेला आहे. एका यंत्राऐवजी दोन ठेवायची, एक मुख्य व एक राखीव; आणि तारही एक नव्हे, दोन. मुख्य यंत्र थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' अशी खूण पाठवते. लागोपाठ काही खुणा चुकल्या की राखीव यंत्र काम हाती घेते. मात्र खूण चुकली म्हणजे मुख्य यंत्र मेलेच असे नव्हे. कदाचित मधली तार तुटली असेल. मग दोन्ही यंत्रे स्वतःला मुख्य समजून वेगवेगळे हिशेब लिहू लागतात. ऐन संपात दोन चिटणीसांनी दोन हुकूम काढावेत, तशी गत! म्हणून तिसरा साक्षीदार नेमतात; तो ज्याच्या बाजूला, त्यानेच कारभार करायचा.

एवढे केले की निर्धास्त झालो काय? मुंबईचे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज पाहा. तिथे पैशाला तोटा नाही. जोडण्या दोन कंपन्यांच्या, राखीव केंद्र दूर चेन्नईला. तरी २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या बिघडल्या होत्या. एक्स्चेंजच्या खुलाशात रस्त्याकडेच्या खोदकामाचे कारण होते. त्यातच माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेबाहेर वागली आणि जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली. चेन्नईकडे कारभार त्या दिवशी गेलाच नाही.

यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली : दोन म्हणजे खरोखर दोन. आपल्या गावावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. त्याच्या कडेला दोन तारा एकाच चरात पुरल्या, तर जेसीबीच्या एका घावात दोन्ही जातील. एकाच झऱ्याच्या दोन विहिरी उन्हाळ्यात एकदमच आटतात.

दुसरी : राखीव गोष्ट वापरून पाहावी. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, याच एक्स्चेंजने खास बाजार भरवून चालू दिवसात राखीव केंद्रावर कारभार नेऊन दाखवला. आणि हे काम करणारा रात्रपाळीचा माणूस कंत्राटी, एकटा व अर्धपोटी असेल, तर यंत्रे दोन असून वाट एकच राहते.

तिसरी गोष्ट आपल्या हाताची. सगळ्या तारा तुटल्या तरी वही आणि पेन उरतेच. नेट किंवा अंगठा चालला नाही म्हणून धान्य नाकारू नये, कार्ड पाहून वहीत नोंद करून द्यावे, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने राज्यांना कळवले होते. त्या बाईला हे ठाऊक नव्हते; खरे सांगतो, त्या दिवशी मलाही नव्हते. नंतर ते वाचले आणि तिच्या तीन दिवसांच्या मजुरीची लाज वाटली.

म्हणून उद्या कुणी 'सर्व्हर डाऊन' म्हणाले, तर मुकाट्याने परतू नका. विचारा : दुसरी वाट कोणती? ती नसेल, तर वही कुठे आहे? हा प्रश्न एकट्याने विचारला तर हुज्जत ठरते. दहाजणांनी मिळून विचारला की वही निघते.