वाघाच्या मुलुखात चार दिवस

वाघ ह्या प्राण्याविषयी मी वर्गात पुष्कळ वर्षे बोलत आलो. व्याघ्रप्रकल्पाची योजना 1973 साली सुरू झाली, महाराष्ट्रात तिचा पहिला मान मेळघाटास मिळाला, वाघ राखला तर वन राहते आणि वन राहिले तर नद्यांना पाणी राहते, हे सर्व मी मुलांकडून पाठ करवून घेत असे. परंतु खरे सांगावयाचे तर तो वाघ पुस्तकातला होता. आमचा चौसाळा बालाघाटाच्या माळावर वसलेला. हरीण, लांडगा आणि नायगावच्या अभयारण्यातले मोर एवढीच आमची वन्य श्रीमंती. वाघ पाहिलेला मनुष्य आमच्या आजोबांच्या पिढीतही मला भेटला नव्हता.

असे असता 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र वनखात्याच्या कॅमेऱ्यात उमटले. येडशी म्हणजे आमच्याच हमरस्त्यावर दक्षिणेस. अंगावरील पट्टे पडताळून पाहता हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे ठरले. शेते, नद्या, रेल्वेचे रूळ आणि रस्ते ओलांडीत साडेचारशे किलोमीटरांहून अधिक वाट त्याने तुडविली होती. मला मोठा हर्ष झाला. त्या बाजूस शेती करणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, “अरे, वाघ आपल्या दारी आला, केवढे हे भाग्य!” तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, भाग्य तुमचं, कालवड माझी.”

त्या उत्तराने माझी झोप उडविली. तीस वर्षे शिकविलेला धडा एकदा वाघाच्या मुलुखात जाऊन तपासावा असे मनाने घेतले, आणि पुढच्या चैत्रात मी नांदेड, यवतमाळ, वणी करीत, म्हणजे त्या वाघाच्या उलट वाटेने, चंद्रपुरास निघालो. एसटीत गर्दी अतोनात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते आणि आपल्या मराठवाड्यातून हजारो भाविक तिला जातात. त्यामुळे परक्या मुलुखात आपलीच बोली ऐकत मी पोहोचलो.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. बल्लारपुराहून ती येथे आणली खांडक्या बल्लाळशहाने, असे परंपरा सांगते. शहराभोवतीचा तट सुमारे अकरा किलोमीटरांचा असून जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. दरवाज्यांवर हत्तींवर मात करणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरले आहे. अंचलेश्वराजवळ बीरशहा राजाची भव्य समाधी आहे. ती त्याच्या राणीने, हिराईने, बांधविली. महाकालीच्या मंदिराचा विस्तारही तिच्याच नावावर सांगतात. 1751 साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि 1818 साली इंग्रजांनी तट फोडून शहर घेतले. पुढे ह्या तटावर झाडेझुडपे माजली होती. 2017 सालापासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो शेकडो दिवस स्वच्छ केला. त्या तटावरून चालताना मला त्यांचे मनोमन कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहर्लीच्या फाटकातून आम्ही ताडोबाच्या अरण्यात शिरलो. येथे 1935 साली शिकार बंद झाली, 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि अंधारी अभयारण्य जोडून 1995 साली व्याघ्रप्रकल्प झाला. गाभ्याचे क्षेत्र सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर. साग, ऐन, बांबू आणि मोहाची दाटी. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. वाटाड्या म्हणाला की, हे गोंड राजांच्या काळचे. त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवीत आणि राजाची खबर चंद्रपुरापर्यंत पोहोचवीत. पुढील व मागील मोटारींतील कोणीही त्या खांबांकडे पाहिले नाही. सर्वांचे डोळे वाघासाठी झुडपांत गुंतलेले.

वास्तविक ह्या वनाला नाव मिळाले तेच मुळी एका मनुष्याचे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला. लोकांनी त्याला देव मानले, तलावाच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे झाले, आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरू लागली. श्रोतेहो, ही कथा मला फार विचार करावयास लावते. ज्यांचा पुढारी वाघाने मारला, त्या लोकांनी सूड म्हणून वाघाचा निःपात मांडला नाही. मेलेल्याला देव केले आणि वाघाच्या शेजारीच राहत आले.

त्या शेजाराची किंमत काय, ते मला वाटाड्याने सांगितले. दोन फेऱ्या झाल्या. सांबरे, गवे, रानकुत्र्यांची एक टोळी, एवढे दिसले. चितळांचा आणि वानरांचा इशारा दोनदा ऐकू आला, ओल्या मातीत ताजी पावले दिसली. पण वाघ काही दृष्टीस पडला नाही. माझा चेहरा उतरलेला पाहून तो तरुण म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला वाघ दिसला नाही म्हणून वाईट वाटतं. आमची आई मोहफुलं वेचायला जाते, तेव्हा तो दिसू नये म्हणून घरात देवापुढे दिवा लावतात.”

ह्यावर मी काय बोलणार? चैत्रात मोह वेचावयाचा, पुढे तेंदूची पाने तोडावयाची, हीच त्या गावांची रोकड कमाई. दोन्ही कामे भल्या पहाटे, ओणवे होऊन, झुडपांच्या आडोशाने करावी लागतात. आणि ओणवा मनुष्य वाघाला मनुष्य वाटत नाही. 2025 च्या मे महिन्यात ह्याच जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. शिवाय बोटेझरी, नवेगाव, जामणी ह्या गावांनी 2007 पासून एकामागून एक घरे सोडून वाघाला जागा करून दिली. पुनर्वसनाचे पैसे व जमीन मिळते हे खरे. परंतु पूर्वजांचे देव आणि गावची विहीर काही गाडीत घालून नेता येत नाही.

तेव्हा माझ्या धड्याचे काय झाले? तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. वाघ राखलाच पाहिजे. पण तो राखतो कोण, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. आम्ही शहरातील मंडळी मोटारीचे भाडे भरतो व वाघावर आपला हक्क समजतो. खरा खर्च वेशीवरचा गुराखी, पाने तोडणारी बाई आणि कालवड गमावलेला शेतकरी सोसतो. त्यांची भरपाई वेळेवर मिळावी, त्यांच्या घरी चुलीला गॅस आणि गोठ्याला भक्कम कुंपण असावे, त्यांच्या मुलांना ह्याच वनात रोजगार लाभावा, ही मागणी वाघाच्या शत्रूची नव्हे, वाघाच्या मित्राची आहे.

आपण ताडोबास अवश्य जा. जाताना चंद्रपूरचा तट, बीरशहाची समाधी आणि भद्रावतीची विजासन लेणी पाहून जा. वाघ दिसला तर उत्तमच. न दिसला तर वाटाड्याशी चार शब्द बोला. त्याचे गाव, त्याचे घर विचारा.

परत आल्यावर मी पहिल्यांदा त्या विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो. भरपाईचा अर्ज त्याने भरला नव्हता. कागदपत्रांचा त्याला कंटाळा. आम्ही दोघांनी बांधावर बसून तो भरला. अर्जाखाली सही करताना तो हसून म्हणाला, “गुरुजी, वाघ दिसला का?”

मी म्हणालो, “नाही रे. पण तुझी कालवड दिसली.”